ग्लासगोच्या धुरापासून सोळा मैल

जहाजमालकाचे चरित्र सांगण्यासाठी आमच्यासारख्याला व्यासपीठावर बोलावण्याचा प्रघात नाही. आमचा मालकवर्गाशी संबंध आला तो मागण्यांचा कागद हाती घेऊनच. तरीही ग्लासगोचे जहाजमालक सर विल्यम बरेल यांची हकीगत आम्ही आज मुद्दाम निवडली आहे. या गृहस्थांनी जन्मभर जमविलेला कलासंग्रह १९४४ साली आपल्या शहराला देऊन टाकला. देताना त्यांनी जी अट घातली, तिच्यात त्या शहराचा सारा औद्योगिक इतिहास सापडतो असे आम्हांस वाटते.

बरेल यांचा जन्म १८६१ चा. आजोबांनी कालव्यावरच्या मालवाहतुकीपासून धंदा सुरू केला, वडिलांनी तो समुद्रावर नेला, आणि १८८५ मध्ये वडील वारल्यावर तो विल्यम व थोरला भाऊ जॉर्ज यांच्या हाती आला. जॉर्जने बोटी व यंत्रे पाहावीत आणि विल्यमने व्यवहार, अशी वाटणी होती. त्यांच्या आगबोटींना ठरलेला मार्ग नसे; मिळेल तो माल, मिळेल त्या बंदरातून, पदरात पडेल त्या भाड्याने न्यावयाचा. अशा धंद्यात तेजीमंदीचे फेरे फार. बरेल बंधूंची युक्ती अशी की, मंदीत क्लाइड नदीकाठचे जहाज-कारखाने रिकामे पडले म्हणजे पडत्या भावात एकदम पुष्कळ बोटी बांधावयास टाकावयाच्या. तेजी येईतो बोटी तयार, भाडी चढलेली. आणि तेजी ऐन भरात आली की सगळा ताफा विकून मोकळे व्हावयाचे. ही हुशारी नाकारण्याचे आम्हांस कारण नाही. मंदीतल्या त्या मागणीने शेकडो घरांत चूलही पेटली असेल. तथापि त्या पडत्या भावातला काही वाटा रिवेट ठोकणाऱ्याच्या मजुरीतून निघाला असणार, हे सांगावयास हिशेबतपासनीस लागत नाही.

एक ताफा त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विकला. दुसरा, १९०५ नंतर उभारलेला, पहिल्या महायुद्धात विकला. जर्मन पाणबुड्या बोटी बुडवीत होत्या, म्हणून उरलेल्या बोटींना सोन्याचा भाव आला होता. बोटींबरोबर बुडालेल्यांत आपले खलाशीही होते. मुंबईत मस्जिद बंदराजवळ इंडियन सेलर्स होममध्ये त्या युद्धात समुद्रात नाहीशा झालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. बरेलच्याच बोटींवर आपली माणसे होती असा आमचा दावा नाही. बोटीची किंमत तेव्हा कशाने चढली एवढेच सांगावयाचे आहे.

१९१६ साली बरेल यांनी हटन कॅसल हा वाडा घेतला, आणि पुढची चाळीस वर्षे बहुतेक एकच उद्योग केला: खरेदी. मध्ययुगीन युरोपातली लोकर-रेशमाची विणलेली भिंतचित्रे, चर्चमधली रंगीत तावदाने, चिनी मातीची व काशाची भांडी, देगाची चित्रे. कोणती वस्तू कितीला घेतली याची नोंद ते शाळकरी पोरांच्या वह्यांत करीत. धंदा वारशाने आला होता, पण हा संग्रह मात्र त्यांनी स्वतःच्या नजरेने, एकेक वस्तू घासाघीस करून जमविलेला होता. आम्ही कलेचे जाणकार नव्हे, पण खरेदीतली ही चिकाटी आम्हांस कळते.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १८९९ ते १९०६ या काळात बरेल ग्लासगो नगरपालिकेचे सभासद होते, आणि राहण्यास अयोग्य घरे, मागल्या अंगणातल्या चाळी व तळघरातल्या खोल्या यांसंबंधीच्या उपसमितीचे काम त्यांच्याकडे होते. म्हणजे कामकरी कुटुंबे कोणत्या हवेत राहतात हे त्यांना ठाऊक होते.

आता ती अट. संग्रहाबरोबर इमारतीसाठी त्यांनी साडेचार लक्ष पौंड देऊ केले. मात्र ती इमारत शहराच्या मध्यापासून निदान सोळा मैल दूर, किलर्न नावाच्या गावाच्या चार मैलांच्या आत असली पाहिजे. कारण शहराचा धूर. कोळशाच्या धुरातला गंधक दमट हवेत आम्ल होऊन बसतो आणि जुने रेशीम, जुनी लोकर कुजवितो. अट शास्त्राला धरूनच होती. पण तो धूर कोणाचा? घरोघरच्या शेगड्यांचा, आणि ज्या कारखान्यांत बरेलच्या बोटी बांधल्या त्यांचाही. भिंतचित्राला सोळा मैल दूर नेता येते. ज्याच्या फुप्फुसात तोच धूर जात होता, त्या बॉयलरवाल्याला कोण नेणार? आणि त्याला ते चित्र पाहावयाचे तर सबंध कुटुंबाचे जाण्यायेण्याचे भाडे मोजून रविवार खर्ची घालावयाचा.

नगरपालिकेने देणगी घेतली आणि जागा शोधीत वर्षे गेली. एक जागा पसंत पडली, तर तिच्याजवळ कोळशाची खाण काढण्याचा बेत निघाला! वस्तू पेट्यांत पडून राहिल्या. १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. १९५८ मध्ये बरेल शहाण्णवाव्या वर्षी वारले. १९६७ साली शहरालगतचे पोलॉक उद्यान नगरपालिकेला दान मिळाले, आणि विश्वस्तांनी तीनेक मैलांवरची ती जागा मान्य केली. हवा आता पुरेशी स्वच्छ होती.

इमारतीच्या आराखड्यांची स्पर्धा ठेवली, तोच १९७१ मध्ये टपाल कामगारांचा संप झाला. मुदत वाढवावी लागली, आणि त्या वाढीव मुदतीत बॅरी गॅसन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा आराखडा पुरा झाला. तोच पहिला आला. संपाने नुकसानच होते असे म्हणणाऱ्यांसाठी ही नोंद आम्ही जपून ठेवली आहे. त्याच वर्षी क्लाइडवरचे कारखाने दिवाळ्यात निघाले, आणि जिमी रीड व त्यांच्या साथीदारांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी संप न करता कारखान्यांत शिरून काम चालू ठेवले. काही कारखाने त्यामुळे वाचले. पुढे त्यांतलेही पुष्कळ गेले. हवा स्वच्छ झाली ती काही कायद्याने आणि काही अशी. आमच्या गिरणगावच्या आकाशातला धूरही १९८२ च्या संपानंतर असाच विरळ होत गेला, म्हणून हे आम्हांस परके वाटत नाही.

संग्रहालय १९८३ मध्ये उघडले. अशी देणगी घ्यावी काय, असे आमचे तरुण सहकारी विचारतात. घ्यावी, असे आमचे मत आहे. जे शहराच्या श्रमातून उभे राहिले ते शहराकडे आले, यात उपकाराचे ओझे कसले? पण घेताना हिशेबाच्या वह्याही मागून घ्याव्यात, आणि काळाबरोबर अटी बदलावयास कचरू नये. बरेल यांची आणखी एक अट होती, की वस्तू परदेशी धाडू नयेत, कारण समुद्रप्रवासात धोका असतो. जन्मभर दुसऱ्यांचा माल समुद्रावरून नेणाऱ्या या गृहस्थाने ती घालावी याचे आम्हांस हसू येते. २०१४ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने कायदा करून ती सैल केली. २०१६ मध्ये गळके छप्पर दुरुस्त करण्यासाठी इमारत बंद झाली, आणि २०२२ च्या मार्चमध्ये पुन्हा उघडली. आत जाण्यास तिकीट नाही.