माटुंग्याचा बुडबुडा : यशाच्या बातमीमागचा इतिहास

पीएच.डी.साठी विद्यापीठ निवडताना आपण काय बघतो? रँकिंग बघतो, फेलोशिप वेळेवर येते का ते सीनियर्सना विचारतो, हॉस्टेलची चौकशी करतो. आणि वेबसाइटवरच्या 'ताज्या घडामोडी' वाचतो. अमुक कोटींची देणगी, तमुक नवं केंद्र, कुणा सरांना पद्म पुरस्कार. या बातम्या खोट्या नसतात, पण हे सगळं नेमकं इथेच का घडलं, ते त्यातून कळत नाही. ज्याला त्या जागी आयुष्याची पाच वर्षं घालायची आहेत, त्याला मात्र ते कळायला हवं.

म्हणून आज एका सार्वजनिक संस्थेचा इतिहास बघू. माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, म्हणजे आयसीटी. जुने लोक तिला अजून 'यूडीसीटी'च म्हणतात, कारण कित्येक वर्षं हा मुंबई विद्यापीठाचा एक विभाग होता.

आधी अलीकडच्या बातम्या एका दमात सांगतो. २००८ मध्ये या विभागाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ('अभिमत' म्हटलं की आपल्याला खासगी आठवतं, ही संस्था सरकारी अनुदानावर चालते.) २०१६ मध्ये उत्तराखंडात काशीपूरला शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल बनवणारा, रोज १० टन कच्चा माल घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. त्याचं तंत्र केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने आयसीटीत उभ्या राहिलेल्या केंद्राचं. २०१८ मध्ये भुवनेश्वर आणि जालना इथे नवे परिसर सुरू झाले. जून २०२५ मध्ये माजी विद्यार्थी मुकेश अंबानी यांनी संस्थेला १५१ कोटी रुपयांची देणगी जाहीर केली, तीही विनाअट.

आता मागे जाऊ.

गिरण्यांची गरज

१ ऑक्टोबर १९३३ ला मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. सुरुवातीला विषय दोनच, वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. हेच दोन का? लालबाग-परळच्या गिरण्या डोळ्यांसमोर आणा. कापड विणणारे हात मुंबईत होते, पण ते ब्लीच करायचं, रंगवायचं, छापायचं तर रसायनशास्त्र लागतं आणि रंग बाहेरून आणावे लागत. विभागाला पहिला प्रश्न असा थेट बाजारातून मिळाला.

१९३८ मध्ये के. वेंकटरामन हे विभागाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. सेंद्रिय रसायनशास्त्र शिकलेल्यांना 'बेकर-वेंकटरामन पुनर्रचना' आठवत असेल, तेच हे. त्यांनी कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावर लिहिलेला ग्रंथ १९५२ मध्ये दोन खंडांत निघाला आणि जगभर वापरला गेला. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की गिरणीच्या गरजेतून आलेला विषय त्यांनी गिरणीपुरता ठेवला नाही. रंगाचा रेणू कसा बांधलेला असतो आणि तो धाग्याला का धरतो, हा मूलभूत प्रश्न त्यांनी त्यातून काढला.

१९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली. संस्था फक्त गिरण्यांच्या चाकरीत असती तर तीही त्यांच्याबरोबर आटली असती. ती टिकली, कारण तोपर्यंत तिथे दुसरा एक प्रश्न रुजला होता.

एक बुडबुडा, तीन पिढ्या

रासायनिक कारखान्यात एक काम सतत चालतं. द्रवात वायू सोडायचा आणि त्यांची अभिक्रिया घडवायची. हायड्रोजन, क्लोरीन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, काहीही असो. ऐकायला सोपं वाटतं, पण अभिक्रिया किती वेगाने होईल हे नुसत्या रसायनशास्त्रावर ठरत नाही. वायू बुडबुड्यातून द्रवात किती वेगाने उतरतो आणि सगळ्या बुडबुड्यांचा मिळून पृष्ठभाग किती, यावरही ते ठरतं. आता खदखदणाऱ्या टाकीतल्या लाखो बुडबुड्यांचं क्षेत्रफळ मोजणार कसं?

मनमोहन शर्मा यूडीसीटीतून शिकून केंब्रिजला गेले, तिथे डँकवर्ट्स यांच्या हाताखाली पीएच.डी. केली आणि १९६४ मध्ये परत येऊन वयाच्या २७ व्या वर्षी इथेच प्राध्यापक झाले. त्यांच्या कामाचा एक मोठा भाग याच प्रश्नावर आहे. युक्ती अशी : जिचा वेग आधीच नीट माहीत आहे अशी अभिक्रिया टाकीत घडवायची, किती वायू शोषला गेला ते मोजायचं आणि त्यावरून उलट गणित करून पृष्ठभाग काढायचा. म्हणजे अभिक्रियेचीच मोजपट्टी! यासाठी महागडं उपकरण लागत नाही. साधी मांडणी, नेमकं टायट्रेशन आणि डोकं पुरतं. १९९० मध्ये शर्मा रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

त्यांचे विद्यार्थी ज्येष्ठराज जोशी. त्यांनी विचारलं, उंच नळकांड्यात बुडबुडे वर जाताना आजूबाजूचा द्रव कसा फिरतो? कारण कारखान्यातली टाकी प्रयोगशाळेतल्यापेक्षा शेकडो पटींनी मोठी असते आणि तिथे सगळी गणितं या फिरण्यावर अडतात. जोशींना २०१४ मध्ये पद्मभूषण मिळालं.

जोशींचे विद्यार्थी अनिरुद्ध पंडित, जे पुढे संस्थेचे कुलगुरू झाले. त्यांनी बुडबुडा फुटताना काय होतं ते पाहिलं. द्रवातली सूक्ष्म पोकळी कोसळते तेव्हा तेवढ्या जागेत क्षणभर प्रचंड तापमान आणि दाब तयार होतो. मग तो वापरून सांडपाण्यातले चिवट रेणू तोडता येतील का? याला पोकळीभवन म्हणतात, इंग्रजीतून आलेला शब्द कॅव्हिटेशन.

शर्मा, जोशी, पंडित. गुरूचा प्रश्न शिष्याने पुढे नेला, पण प्रत्येकाने तो थोडा वळवला. आणि १९६६ मध्ये डँकवर्ट्स आणि शर्मा यांनी कार्बन डायऑक्साइड अल्कली आणि अमाइनच्या द्रावणांत कसा शोषला जातो, यावर एक दीर्घ लेख लिहिला होता. तेव्हा त्याचा उपयोग वायू शुद्ध करण्यासाठी होता. आज चिमणीतून निघणारा कार्बन पकडण्याच्या कामात हेच शास्त्र पायाशी आहे. कोणताही निधी देणारा १९६६ मध्ये हे लिहून देऊ शकला नसता.

मग आपण काय घ्यायचं?

देणगीच्या बातमीकडे आता पुन्हा बघा. १५१ कोटी ही मोठी रक्कम आहे, त्यातून इमारती होतील, उपकरणं येतील. पण ती रक्कम ज्या नावलौकिकामुळे आली, तो नावलौकिक पक्क्या नोकरीवर बसून एकच प्रश्न वीस-पंचवीस वर्षं धरून ठेवणाऱ्या शिक्षकांनी तयार केला. तो पगार सार्वजनिक पैशातून येत होता. आज राज्यातल्या विद्यापीठांत कितीतरी जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावर काम चालतं. अकरा महिन्यांच्या करारावरचा माणूस पन्नास वर्षांची साखळी कशी ओवणार? देणगीदाराने हे काम करावं अशी अपेक्षा नाही, ते सरकारचं काम आहे. आपण संशोधनात येणारे, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

उद्योगाशी जवळीक असण्याची दुसरी बाजूही आहे. कंपनीच्या पैशातून चालणाऱ्या प्रकल्पात कधी कधी निकाल गोपनीय ठेवावे लागतात. तेव्हा प्रवेश घेण्याआधीच गाइडना नम्रपणे विचारा, 'सर, या कामावर पेपर लिहिता येईल ना? थीसिस खुला राहील ना?' यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आणि शेवटी एक गृहपाठ. तुम्हाला जी लॅब आवडली आहे, तिथले दोन प्रबंध शोधा, एक अलीकडचा आणि एक पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा. शोधगंगावर बरेच मिळतात. दोन्हींची पहिली प्रकरणं शेजारी ठेवून वाचा. प्रश्न तोच आहे आणि फक्त रसायन बदललंय का? की प्रश्न पुढे सरकलाय, वळलाय? की दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नाही? उत्तर काहीही आलं तरी त्या लॅबबद्दल तुम्हाला जे कळेल, ते 'ताज्या घडामोडी'च्या पानावर सापडणार नाही. एक संध्याकाळ पुरते. अर्ज भरण्याआधी करा.