ताल पोट का काढते?

उताराच्या अंगणाला घातलेली दगडी ताल पावसात पोट काढते, आणि आपण गवंड्याला बोल लावतो. खरा दाब असतो मागं तुंबलेल्या पाण्याचा.

पेरू देशात माचू पिचूच्या डोंगरावर इंका लोकांनी इ. स. १४५० च्या सुमारास पायऱ्यांची शेती केली. १९११ साली बिंगहॅम या अमेरिकन प्राध्यापकानं ती जगापुढं आणली, तेव्हा वर रान माजलं होतं. ताली मात्र उभ्या! आणि पाऊस तिथंही दांडगा, बरं का. भिंत डोंगराकडं जराशी कललेली. पाठीमागं तळाला दगडगोटे, त्यावर बारीक खडी, मग वाळूची माती, सुपीक माती फक्त वरच्या थरात. पाणी थांबतच नाही, झिरपून जातं.

तुम्हीही तालीमागं नुसती माती लोटू नका. दगड घडवताना पडलेल्या खपल्या फेकता ना? त्याच आधी भरा.