सौंसरचे विद्यार्थी आणि दूरची विद्यापीठे

संत्र्याच्या बागांचा सौंसर-पांढुर्णा पट्टा मराठीभाषक आहे. घाट चढला की छिंदवाडा, मैदानात उतरले की नागपूर. साहजिकच इथली मुले कॉलेजसाठी नागपूरकडे वळली. तिथे हिस्लॉप कॉलेज 1883 मध्ये, मॉरिस कॉलेज 1885 मध्ये निघाले. मध्य प्रांताला तेव्हा स्वतःचे विद्यापीठ नव्हते. अभ्यासक्रम आणि पदव्या आधी कलकत्त्याच्या, मग अलाहाबादच्या. कलकत्ता विद्यापीठ 1857 मध्ये लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभे राहिले होते: शिकवायचे कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. ज्या विद्यापीठाची पदवी, त्याची इमारतही न पाहिलेला पदवीधर त्या व्यवस्थेत नवलाचा नव्हता. दूरच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम घराजवळ आणणारी ती सोय म्हणावी लागेल.

1923 मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि हे अंतर मिटले. छोट्या रेल्वेने सौंसरहून थेट नागपूर गाठता येई.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. अंतर तेवढेच, पण विद्यार्थी परराज्यातला ठरला. रहिवासी दाखला, शिष्यवृत्ती, राखीव जागा सगळे राज्यनिहाय. मराठीत शिकलेल्या मुलांवर हा अन्यायच होता. छिंदवाडा जिल्ह्यातली महाविद्यालये पुढे दूरच्या सागर विद्यापीठाला जोडली गेली. छिंदवाड्याला विद्यापीठ मिळाले ते 2019 मध्ये. पुढच्याच वर्षी कोरोनाच्या टाळेबंदीत वर्ग मोबाइलवर आले. सौंसर आणि पांढुर्णा मिळून नवा जिल्हा झाला तो 2023 मध्ये.