लुंबिनी उत्खनन : खांब कुजले, खड्डे उरले

नेपाळमधील लुंबिनीच्या मायादेवी मंदिरात 2011 पासून रॉबिन कनिंगहॅम आणि कोशप्रसाद आचार्य यांच्या पथकाने उत्खनन केले. शेजारी भिक्खू-उपासकांची वंदना चालूच असे. रोजचे काम कंटाळवाणेच म्हणावे लागेल : थापीने माती पातळ खरवडायची, रंग बदलला की थांबायचे, फोटो, रेखाटन, नोंद, मगच पुढचा थर. फावडे चालले असते तर विटांच्या मंदिराखालचे लाकडी खांबांचे खड्डे कुणाला दिसलेच नसते. लाकूड कधीच कुजले होते. उरली होती फक्त वेगळ्या रंगाची माती. तिच्यातल्या कोळशाच्या कणांनी काळ इ.स.पू. 6व्या शतकापर्यंत मागे नेला. 2013 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते वृक्षचैत्य बौद्धांचेच होते, की त्याआधीच्या वृक्षपूजेचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.