मत्स्यपेटीतला पहिला दगड

घरच्या मत्स्यपेटीत काय ठेवू नये, याच्या आजच्या यादीत चुनखडीचा दगड अगदी वर असतो. आश्चर्य असे, की अशा पेटीची जी पहिली नीट नोंद मिळते, तिच्यात मुद्दाम ठेवलेल्या दगडांत चुनखडीचा दगडही होता.

नोंद लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांची, 1850 सालची. सुमारे 12 गॅलनचे काचपात्र, निम्मे झऱ्याच्या पाण्याने भरलेले. तळाशी वाळू व गाळ, दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीचे एक रोप. सोबत वालुकाश्म व मॅटलॉकचा टुफा, म्हणजे झऱ्याच्या पाण्यातून साचलेला सच्छिद्र चुनखडक. एका दगडाखाली रोपाची मुळे दाबली होती. बाकीचे दगड असे रचले होते, की माशांना हवे तेव्हा त्यांच्याखाली शिरता यावे.

मत्स्यपेटीतली सजावट नेमकी कुठून आली, यावर दोन मते मांडता येतात. एक मत तिचे मूळ चीनमध्ये शोधते. पण तिथले गोल्डफिश मातीच्या कुंड्यांत ठेवून वरून पाहिले जात, आणि वरून पाहताना दगड आड येतो. दुसरे मत बागेकडे बोट दाखवते. हे मत वजनदार आहे. 1856 मध्ये शर्ली हिबर्ड यांनी घरसजावटीवरच्या पुस्तकात मत्स्यपेटीला बागेच्या व नेच्यांच्या पंगतीत बसवले. टुफा हा तर नेच्यांच्या शिळाबागेतला आवडता दगड. तरीही वॉरिंग्टन यांची नोंद सहा वर्षे आधीची आहे, आणि तिच्यात दगडाला काम नेमून दिलेले आहे: आसरा देणे आणि रोप धरून ठेवणे. दगड बहुधा बागेतून आला. पण पेटीतली त्याची जागा ठरवली ती माशांच्या गरजेने. शोभा मागाहून आली.

मग तो टुफा बाधला का नाही? चुनखडी पाण्यात विरते आणि पाणी जड व अल्कधर्मी करते. लंडन परिसरातले झऱ्यांचे पाणी चुन्याच्या थरांतून येते, म्हणून मुळातच जड. त्यात आणखी चुना फारसा विरत नाही. गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया या दोघांनाही असे पाणी मानवते. बिघाड आला तो वेगळ्याच बाजूने. रोपाची पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले. वॉरिंग्टन यांनी पाणगोगलगायी सोडल्या; त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी पुन्हा निवळले. रोपाचे मेलेले पानही पाणी बिघडवते, हा धडा त्या पात्राने दिला.

आता आपल्या पेटीसाठी दगड निवडू. गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीच्या परिसरात टुफा सहसा मिळत नाही. इथले खडक मुख्यतः पट्टिताश्म व गारेचे, म्हणून ओढ्यातला गोलसर, कठीण गोटा सहसा निर्धोक असतो. खात्रीसाठी दगडावर लिंबू किंवा व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बुडबुडे आले की त्यात चुना आहे. संगमरवरी खडी, शिंपले आणि शंख इथेच नापास होतात. धातूची चकाकी असलेला दगड, तांब्याचे भांडे, रंग दिलेली मूर्ती यांना पेटीत जागा नाही. तांबे गोगलगायींना मारक असते. बिनझिलईच्या मडक्याचे खापर काठ घासून उपडे ठेवले, की माशाला उत्तम गुहा मिळते. काठावरून जुन्या ओढणीचा कोपरा फिरवावा. कापड अडकले तर माशाचा परही फाटेल. ओले लाकूड कुजते. पूर्ण वाळलेले, साल काढून उकळलेले लाकूडच घ्यावे.

रोपांसाठी लांब जायला नको. कोहळी समाजाने बांधलेल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला वाढतात. शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर समाजाच्या मच्छीमारांनी तलावांतली बेशरम ही वनस्पती उपटली आणि देशी माशांसाठी याच पाणवनस्पती पुन्हा लावल्या. वॉरिंग्टन यांच्या रोपाचे हे भाऊबंद मोठ्या तलावात माशांना आसरा व अंडी घालायला जागा देतात. पेटीसाठी रोप आणताना मूठभरच घ्यावे, लावलेल्या वाफ्यातले मुळीच नाही, आणि जळवा व अळ्या निघतील असे धुऊन घ्यावे.

छाटलेले रोप मात्र तलावात किंवा नाल्यात परत टाकू नये. उन्हात पूर्ण वाळवून खतात घालावे. मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून 1950 च्या दशकात फ्लोरिडात पोचलेल्या हायड्रिलाने तिथले तलाव व कालवे तुंबवले. हायड्रिलाचा लहानसा तुकडाही मूळ धरतो.