परगांवीं जेवावें कोठें?



रात्रीची आठ-साडेआठाची वेळ आहे. एस्. टी.च्या गाडींतून आपण एका अनोळखी गांवीं उतरलों आहों. हातांत पिशवी, पोटांत भूक, आणि गांवांत ओळखीचें एकहि माणूस नाहीं. अशा वेळीं मनांत जो पहिला प्रश्न उभा राहतो तो इतिहासाचा खचित नव्हे. जेवावें कोठें, एवढाच तो असतो. परंतु या साध्या प्रश्नाला आपल्या महाराष्ट्रांत मोठा इतिहास आहे, आणि तो सगळाच रुचकर नाहीं. आज तोच मी आपल्यापुढें वाढणार आहें.

प्रथम माझा स्वतःचा एक ठोकताळा सांगतों. स्टँडासमोरच्या ज्या हॉटेलाच्या पाटीवर सात प्रांतांच्या पदार्थांचीं नांवें रंगविलेलीं असतात, तेथें मी सहसा जात नाहीं. मी हमालास विचारतों, रिक्षावाल्यास विचारतों. आणि विचारतों तेंहि 'येथें चांगलें हॉटेल कोणतें?' असें नव्हे, तर 'तुम्ही स्वतः कोठें जेवतां?' असें. प्रवाशाकरितां रांधलेलें अन्न तो एकदांच खाणार असतो. तें बिघडलें तरी दुसऱ्या दिवशीं तो भांडावयास येत नाहीं. जेथें रोजचें गिऱ्हाईक जेवतें, तेथें मात्र आमटी जरा पातळ झाली कीं लगेच गवगवा होतो. हें रोजचें गिऱ्हाईक म्हणजे तरी कोण? आपल्यासारखाच घर सोडून आलेला माणूस. फरक इतकाच कीं, तो पोटासाठीं आला आणि राहिला. स्वस्त आणि चांगल्या अन्नाचा इतिहास हा पुष्कळसा त्याचा इतिहास आहे.

रेल्वेपूर्वींच्या काळीं हा प्रश्न असा पडतच नसे. वाटेंत कोणाच्याहि हातचें शिजलेलें अन्न विकत घ्यावें, ही कल्पनाच उच्चवर्णीयांना असह्य होती. १८५७ सालीं वरसईचे विष्णुभट गोडसे आपल्या चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याचें ऐकून चार पैसे मिळविण्याच्या आशेनें ते गेले, आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. त्यांचें 'माझा प्रवास' हें पुस्तक चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलें. झांशीच्या वेढ्याची हकीकत म्हणून आपण तें वाचतों. पण असा माणूस महिनोन्‌महिने परमुलखांत हिंडतांना जेवत तरी कसा असेल, हाहि विचार करण्यासारखा आहे. त्या काळच्या भिक्षुकाची रीत ठरलेली होती. यजमान गांठावा, शिधा मागून घ्यावा, नदीकांठीं तीन दगडांची चूल मांडावी आणि सोवळ्यानें आपला भात आपणच शिजवावा. कुणबी वाटसरू फडक्यांत भाकरी आणि कांदा बांधून निघे. अहिल्याबाई होळकरांनीं (१७२५–१७९५) दूरदूरच्या तीर्थक्षेत्रीं धर्मशाळा आणि अन्नछत्रें उघडून मोठेंच पुण्यकार्य केलें. तथापि त्या काळीं अन्न फुकट मिळालें तरी पंगत फुकट मिळत नसे. आपण कोण, हें आधीं सांगावें लागे.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी गेली, आणि या व्यवस्थेस पहिला हिसका बसला. एका बांकावर कोण कोणाशेजारीं बसेल याचा नेम राहिला नाहीं. परंतु डब्यांत जें मोडलें तें स्टेशनावर पुन्हां उभें राहिलें. फलाटावर हिंदु पाणी निराळें आणि मुसलमान पाणी निराळें झालें. ज्याला दोनहि पाण्यांत वांटा नव्हता, त्याचें काय होत असे, हें एका मुलाच्या अनुभवावरून सांगतों.

१९०१ सालची गोष्ट. साताऱ्यास राहणारीं कांहीं मुलें सुटींत वडिलांकडे निघालीं. वडील खटाव तालुक्यांत नोकरीवर होते. मुलांसाठीं नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकांठी धोतरें शिवून-विकत आणून ठेवलेलीं. बरोबर फराळाचा डबा. मसूर स्टेशनावर तीं उतरलीं, तों न्यावयास कोणी आलेलें नाहीं. वडिलांना पत्रच पोंचलें नव्हतें. कपडे पाहून स्टेशनमास्तरला तीं ब्राह्मणांचीं मुलें वाटलीं, आणि त्यानें आपुलकीनें चौकशी केली. आपण महार आहों असें मुलांनीं सांगतांच तो पांच पावलें मागें सरला. कोणी गाडीवान मिळेना. शेवटीं एक तयार झाला. पण भाडें दुप्पट, आणि गाडी मुलांनींच हांकावयाची, तो शेजारून चालणार! वाटेंत डबा उघडला, तर ओढ्याचें पाणी चिखल आणि शेणमुतानें भरलेलें. रात्रीं जकातनाक्यावर पाणी मागितलें, तेथेंहि मिळालें नाहीं. डब्यांत अन्न होतें, तें घरच्या मायेनें केलेलें होतें, आणि तीं मुलें उपाशीं निजलीं. त्यांतील एक नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे पुढील काळांतील डॉ. भीमराव आंबेडकर. त्यांनींच ही हकीकत लिहून ठेवली आहे. परगांवीं चांगलें अन्न कोठें मिळतें, या विषयावर बोलतांना मला हा डबा नेहमीं आठवतो.

आतां कोणी म्हणेल, हें खेड्यांतील झालें. शहरांतील सुशिक्षितांचें काय? तर १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें रानडे, टिळक, गोखले इत्यादि मंडळींनीं एका सभेस गेलें असतां चहा घेतला, किंवा तो पुढें आला असें ठरलें, एवढ्यावरून पुण्यांत ग्रामण्य माजलें आणि प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. एका पेल्याला केवढी ही किंमत!

ही गांठ थोडीशी सैल केली ती मुंबईनें, आणि तीहि कोणा सुधारकाच्या व्याख्यानानें नव्हे. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं कापडाच्या गिरणीची कंपनी काढली. १८५६ सालीं ती गिरणी चालूं झाली. तिच्यामागून आलेल्या गिरण्यांनीं रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतील हजारों पुरुषांना मुंबईस ओढून आणलें. बायकामुलें गांवीं राहिलीं. एकेका खोलींत दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसें, तींहि पाळीपाळीनें निजणारीं; रात्रपाळीचा गडी आला कीं दिवसपाळीच्या गड्यानें वळकटी गुंडाळावयाची. अशा घरांत चूल कोण पेटविणार? म्हणून परळ-लालबागच्या चाळींत खानावळ जन्मास आली.

ही खानावळ म्हणजे पाटी लावलेलें दुकान नव्हे. चाळींतील एखादी विधवा, किंवा ज्याचा पगार पुरत नाहीं अशा कामगाराची बायको, आपल्याच खोलींत दहा-वीस माणसांचें रांधीत असे. पहांटे भोंग्यापूर्वीं तिचा स्टोव्ह पेटे. डाळ, भात, भाजी आणि भाकरी किंवा चपाती. आठवड्यांतून एखादे दिवशीं मटण वा मासळी. पैसे पगाराच्या दिवशीं. जेवणारे बहुधा तिच्याच मुलखांतले असत. म्हणून घांटावरच्यांच्या खानावळींत ज्वारीची भाकरी आणि झणझणीत ठेचा, तर कोंकण्यांच्या खानावळींत नारळाच्या वाटणाची आमटी आणि भात. ज्याला सबंध महाराष्ट्राची चव पायीं फिरून घ्यावयाची होती, त्यानें गिरणगांवांतील चार जिने चढले असते तरी पुरे झालें असतें. मात्र खोटें कशाला बोलावें? येथेंहि बहुतेक ताटें गांव आणि जात पाहूनच मांडलीं जात.

त्या बाईच्या कष्टांचा हिशेब मात्र कोणाच्या वहींत नव्हता. दाणावाल्याची उधारी आणि सावकाराचें व्याज देऊन तिच्या हातीं काय राहत असेल, याची कल्पना करावी. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अशा स्त्रियांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें, आणि बँकेचें कर्ज त्यांच्या दारापर्यंत आणलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबला, पण भूक थांबत नाहीं. खानावळवालीनें उधारीवर वाढलें. संप लांबला तसे जेवणारे गांवीं परतले, आणि उधारी वहींतच राहिली. संपाच्या पराभवाचें वर्णन करणाऱ्यांनीं मालक, सरकार आणि पुढारी यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलें आहे. या वह्यांबद्दल फारच थोडें.

इराणी आणि उडुपी यांचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें कृतघ्नपणाचें होईल. धोबीतलावावर १९०४ सालीं निघालेलें कयानी असो कीं नाक्यावरचें दुसरें एखादें, इराण्याच्या संगमरवरी टेबलावर ब्रून-मस्का आणि चहा मागणाऱ्यास 'आपण कोण?' असें कोणी विचारीत नसे. उडुपीकडच्या मंडळींनीं मठमंदिरांच्या स्वयंपाकाची शुचिता शहरांत आणली. माटुंग्याला रामा नायकांची खानावळ १९४२ सालीं सुरू झाली. केळीच्या पानावरचा तो भात आणि तें सार ज्यांनीं एकदां खाल्लें, त्यांना अधिक सांगणें नको.

पण पेला आणि ताट यांची खरी परीक्षा झाली ती कोल्हापुरांत. तेथें गंगाराम कांबळे नांवाचा दरबारच्या पागेंतील एक महार नोकर होता. स्पृश्यांच्या हौदावरचें पाणी घेतलें म्हणून त्याला बेदम मारहाण झाली. तो शाहू महाराजांपाशीं रडत गेला. महाराजांनीं त्याला नोकरींतून मोकळें करून धंदा काढण्यास सांगितलें, आणि त्यानें भर रस्त्यावर चहाचें हॉटेल काढलें. 'सत्यसुधारक' हें त्याचें नांव. जागा स्वच्छ, चहा उत्तम. परंतु गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हां महाराजांची गाडी त्या दारापुढें थांबूं लागली. ते स्वतः चहा मागवीत, आणि गाडींत बसलेल्या उच्चवर्णीय मंडळींच्या हातींहि पेले देत. छत्रपतींनीं दिलेला पेला परत कोण करणार? १९१९ सालीं महाराजांनीं सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा सर्वांना खुल्या असल्याचा हुकूम काढला, हें खरेंच. पण हुकुमाहून त्या चहाची आठवण कोल्हापुरांत अधिक काळ टिकली.

मसूरच्या वाटेवर उपाशीं निजलेल्या मुलाच्या अध्यक्षतेखालीं पुढें राज्यघटनेचा मसुदा झाला. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या त्या घटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें, हॉटेलें, विहिरी आणि तलाव यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मूलभूत हक्कांच्या गंभीर यादींत उपाहारगृह कशाला, असें कोणास वाटेल. मला तो शब्द तेथें वाचतांना कधींच हलका वाटला नाहीं. कायदा झाला म्हणून खेडोपाडींच्या चहाच्या दुकानांतील निराळ्या कपबश्या एका रात्रींत फुटल्या नाहींत. १९७२ सालीं बाबा आढावांना 'एक गांव, एक पाणवठा' ही मोहीम काढावी लागली, यावरून काय तें समजावें.

मागें एकदां मला कोल्हापुरांत रात्र काढावी लागली. उतरल्याबरोबर रिक्षावाल्यास नेहमींचा प्रश्न विचारला, आणि त्यानें मला एका बोळांतील खानावळीपाशीं आणून सोडलें. बाहेर पुष्कळ गर्दी. बाजार समितींतले हमाल, कॉलेजचे विद्यार्थी, एक सहकुटुंब आलेले गृहस्थ, सगळे एकाच पायरीवर ताटकळत बसलेले. आंतून तांबड्या रश्शाचा असा वास येत होता कीं धीर धरणें कठीण. इतक्यांत हातांत पाटी-पेन्सिल घेतलेला एक पोऱ्या माझ्यापाशीं आला. मी नांव सांगण्यासाठीं तोंड उघडलें, तों त्यानें हातानेंच मला थांबविलें.

"नांव नको. किती माणसं?"

"एक," मीं सांगितलें. आणि त्यानें पाटीवर एकाचा आंकडा मांडला.