खडखडीची पूर्वपीठिका

नवे शॉकअप बसवून, नवे रबरी बुश घालून, पैसे मोजून गाडी गॅरेजबाहेर काढावी आणि पहिल्याच गतिरोधकावर तिने पूर्वी कधी न काढलेला आवाज काढावा, हा प्रसंग मोटार बाळगणाऱ्या बहुतेकांवर केव्हा ना केव्हा येतो. आणि मग मालक दुकानदाराच्या नकली मालाला दोष देतो, दुकानदार मिस्त्रीच्या हाताला देतो आणि मिस्त्री महापालिकेच्या रस्त्याला देतो. तिघांच्याही जबानीत थोडेफार तथ्य असते. परंतु या धंद्याचा मागील वृत्तांत उलगडून पाहिला म्हणजे ध्यानात येते, की पुष्कळ वेळा दोष मालात नसून हाताच्या सवयीत असतो, आणि ती सवयही अज्ञानातून आलेली नसून पूर्वीच्या एका यंत्राने मोठ्या कष्टाने शिकवलेली असते.

लंडनच्या ओबडाया इलियटने १८०४ साली लंबवर्तुळाकार पोलादी कमानीची सनद मिळवली, तेव्हापासून घोडागाडीची बैठक चामड्याच्या पट्ट्यांवर टांगण्याचे प्रयोजन उरले नाही. आमच्याकडे १८३० साली, सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत, बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला आणि घाटातून चाकांची वाहतूक सुरू झाली. पुढे मुंबईच्या रस्त्यांवर दीर्घकाळ धावलेली व्हिक्टोरिया याच कमानींवर झुलत असे. एकावर एक रचलेल्या पाट्यांच्या या कमानीचा एक गुण नंतरच्या काळात विस्मरणात गेला, तो असा की पाट्यांमधील घर्षण हेच तिचे वेसण होते. धक्का बसल्यावर पाटे एकमेकांवर घासत, त्या घासण्यात धक्क्याचा जोर जिरून जाई आणि गाडी दोन-तीन हेलकाव्यांत स्थिर होई, म्हणून निराळ्या शॉकअपची गरज कोणास भासली नाही. मात्र पाटे गंजले की कुरकुरत. आणि कुरकुर थांबवावी म्हणून त्यांत सढळ हाताने वंगण घातले, तर घर्षण नाहीसे होऊन गाडी बोटीसारखी डोलू लागे. आवाजावर केलेला इलाज चालीवर उलटतो, हा या विद्येतला पहिला धडा मोटारीच्या आगमनापूर्वीच लोहारांना पाठ झाला होता.

मुंबईत १९११ साली टॅक्सी रस्त्यावर आल्या. त्यांचा वेग घोडागाडीहून अधिक असल्यामुळे पाट्यांचे घर्षण अपुरे पडू लागले, तेव्हा प्रथम घर्षणाच्या चकत्यांचे आणि पुढे तेलाचे शॉकअप आले; पण कमानीची टोके सांध्याला जोडणारी व्यवस्था पूर्वीप्रमाणेच लोखंडी पिन आणि पितळी बुश अशी राहिली. धातूवर धातू फिरत असल्याने त्याला ग्रीस लागे, ग्रीस आटले की तो झिजे, आणि झिजला की खडखडे. या खडखडीची तपासणी सरळ होती. गाडी जॅकवर उचलावी, लोंबकळणारे चाक दोन्ही हातांनी हलवावे, जिथे ढिलाई लागेल तिथली पिन बदलावी आणि चाक लोंबकळत असतानाच नट आवळून मोकळे व्हावे. धातूचा सांधा कोणत्याही स्थितीत आवळला तरी त्याला त्याचे सोयरसुतक नसते. ग्रीसची पिचकारी आणि पाना या दोन आयुधांवर उस्तादांची एक पिढी निभावून गेली.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या आणि १९५४ पासून तिथे फियाट ११०० तयार होऊ लागली. हीच गाडी पुढे पद्मिनी या नावाने २००० सालापर्यंत निघत राहिली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटली की हीच गाडी, असे समीकरण होऊन बसले. तिकडे उत्तरपाड्याची अँबॅसडर, मॉरिस ऑक्सफर्डची वंशज, पुढच्या चाकांना पीळ घेणाऱ्या पोलादी दांड्यांवर तोलून धरीत असे. फियाटच्या पुढे गुंडाळीची स्प्रिंग आणि मागे मात्र तोच घोडागाडीच्या घराण्यातला पाटा. म्हणजे एकाच गाडीखाली दोन युगे नांदत होती. त्यातही फियाटला वेगळी चौकट नव्हती, पत्र्याचा सांगाडाच सारा भार वाही. त्यामुळे पुढच्या डाव्या चाकाशी उपजलेला आवाज पत्र्यातून प्रवास करून मागच्या आसनाखाली प्रकट होई, आणि मालक तेवढ्याच खात्रीने भलत्या ठिकाणी बोट दाखवी. मालकाचे बोट जिकडे वळेल तिकडे प्रथम पाहू नये, हे कुर्ल्याच्या गॅरेजांतील उमेदवारांना लवकरच कळत असे. १९६१ साली मुलुंडला गॅब्रिएल कंपनी निघाली आणि नळीदार शॉकअप येथल्या येथे मिळू लागले. त्यातही एक बारीक खोच होती. दुकानात आडवा पडलेला शॉकअप तसाच बसवला, तर आतल्या नळीत हवा राहून तो सुरुवातीस ठोके देतो. म्हणून तो उभा धरून हाताने काही वेळा पूर्ण खाली-वर करावा लागतो.

खरी क्रांती मात्र रबराने केली, आणि ती इतक्या मुकाट्याने केली की तिची दखल घ्यावी असे कोणास वाटले नाही. बाहेरची व आतली अशा दोन धातूच्या नळ्यांमध्ये रबर घट्ट धरलेले असा बुश युरोपात १९२० च्या दशकातच प्रचारात आला होता. आमच्या गॅरेजांत त्याचा अंमल हळूहळू पसरला आणि १९८३ साली मारुती ८०० आल्यावर तो पक्का झाला. या बुशात काहीही घासत नाही. आतली नळी बोल्टाने करकचून धरलेली असते आणि सारी हालचाल रबराच्या अंगच्या पिळानेच होते. येथे जुन्या दोन्ही आयुधांनी दगा दिला. ग्रीसमधील खनिज तेलाने साधे रबर फुगते आणि मऊ पडते, म्हणजे कुरकुर चार दिवस थांबते आणि बुश कायमचा जातो. आणि चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर उतरताक्षणीच रबराला कायमचा पीळ बसतो. परिणामी गाडी किंचित उंच उभी राहते, चाल ताठ होते, आणि नवा बुश थोड्याच काळात फाटून जुन्यापेक्षा मोठा आवाज करू लागतो. मालक नकली मालाची फिर्याद घेऊन येतो. माल पुष्कळदा अस्सलच असतो.

तेव्हा निदानाची पद्धत बदलणे भाग पडले, आणि माझ्या मते या धंद्याच्या इतिहासातला सर्वांत बुद्धिमान भाग तो हाच. लोंबकळते चाक हलवून जे कळत नव्हते, ते गाडीकडूनच वदवून घेण्याच्या युक्त्या निघाल्या. कुरकुरणाऱ्या सांध्यावर पाणी मारावे. क्षणभर आवाज थांबला तर रबर बोलत आहे असे समजावे. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम चढवावीत आणि मग एकच चाक खड्ड्यात घालावे. पहिल्या वेळी शांत आणि दुसऱ्या वेळी टकटक, तर दोन बाजूंना जोडणारा दांडा आणि त्याचे लिंक रॉड संशयित ठरतात, कारण दोन्ही चाके बरोबर उचलली गेली असता तो दांडा नुसताच फिरतो, त्याला पीळ पडत नाही. ब्रेकवर हलका पाय ठेवताच खडखड थांबली, तर ती शॉकअपची नव्हेच, ब्रेकच्या पॅडची होय. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना ‘टंग’ असा आवाज झाला, तर स्प्रिंगचे टोक आपल्या खोबणीत बसलेले नाही किंवा वरचे बेअरिंग अडकते आहे. यांपैकी एकाही परीक्षेला महागडे उपकरण लागत नाही. लागतो तो कान, आणि गाडी दुसऱ्याने चालवावी, आपण फक्त ऐकावे, एवढा संयम. शिवाय जुना, ढिला शॉकअप गेल्यावर नव्याचा ताठ जोर शेजारच्या झिजलेल्या बॉल जॉइंटवर येतो आणि आजवर दबलेला आवाज उघडा पडतो. त्यात नव्या भागाचा अपराध काहीच नसतो.

चालीच्या तक्रारींची जात निराळी. मॉरिस ओली या अभियंत्याने १९३० च्या दशकारंभी अमेरिकेत कॅडिलॅकसाठी प्रयोग करून दाखवले, की पुढची स्प्रिंग मागच्याहून मऊ हवी. कारण खड्डा प्रथम पुढच्या चाकांना लागतो, मागचा भाग उशिरा हलू लागतो, आणि तो किंचित लवकर झुलला तरच दोन्ही भाग एकत्र येऊन गाडी सपाट राहते. हे प्रमाण बिघडले की गाडी नाक वर-खाली करीत चालते. आमच्या टॅक्सीवाल्यांनी शतकाच्या अखेरीस डिकीत सीएनजीची टाकी घेतली, तिच्या भाराने मागचा भाग बसू लागला म्हणून जादा पाटा घालून घेतला, आणि टॅक्सीतील एकटादुकटा उतारू मागच्या आसनावर उडू लागला. दोष शोधायला गेले तर दोष कुठेच नव्हता, प्रत्येक भाग धडधाकट होता.

जुन्या गॅरेजांत जमिनीत खणलेला पिट असे. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राही, मिस्त्री तेलकट खड्ड्यात उतरून डोक्यावर हात करून काम करी, आणि रबराचे शास्त्र त्याला ठाऊक नसले तरी पिटात आवळलेला बोल्ट आपोआप योग्य स्थितीत आवळला जाई. त्याच्या जागी दोन खांबांची लिफ्ट आली. ती गाडीला सांगाड्यापाशी उचलते आणि चारही चाके लोंबकळत ठेवते. प्रकाश आला, स्वच्छता आली, कंबर वाचली, आणि जॅकच्या काळातील ती जुनी चूक अधिक सोयीने करता येऊ लागली. मुंबईतील अखेरची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली; पिटही बहुतेक ठिकाणी बुजले आहेत. जाणते मिस्त्री आता लिफ्टवर बोल्ट नुसते हाताने लावून घेतात, गाडी खाली उतरवून तिला चार वेळा दाबतात, आणि अलाइनमेंटच्या रॅम्पवर, चाकांवर पुरता भार आल्यानंतरच, शेवटचा पाना फिरवतात.